ईश्वराच्या हाकेची छाननी

वैराग्य आणि विलंब यांचे आपल्याकडे कधी जमले नाही. ज्या दिवशी विरक्ती उपजेल त्याच दिवशी घर सोडावे, अशी मुभा जाबालोपनिषदाने दिलेली आहे. आणि बोहल्यावर ‘सावधान’ हा शब्द कानी पडताच पळत सुटलेल्या नारायणाची कथा तर शाळकरी पोरालाही ठाऊक असते. अशा संस्कारांत वाढलेल्या वाचकाला जेव्हा कळते की, कॅथलिक मठात जाऊ इच्छिणाऱ्या उमेदवाराला आधी पाहुणा, मग नवशिका, मग मुदतीच्या व्रतांनी बांधलेला असे टप्पे ओलांडून अखेरीस मठवासीयांच्या मतदानालाही सामोरे जावे लागते, तेव्हा तो साहजिकच विचारतो की, पाचारण ईश्वराचे असेल तर त्याला मुदत कसली आणि मंजुरी कोणाची? ज्याच्या अंतःकरणात हाक उमटली त्याच्यावाचून तेथे दुसरा साक्षी कोण?

मौज अशी की, या दफ्तरी वाटणाऱ्या व्यवस्थेचा जनक स्वतः असाच एकटा निघून गेलेला होता. नर्सियाचा बेनेडिक्ट रोममधील विद्याभ्यास टाकून सुबियाकोच्या गुहेत राहिला, तेव्हा त्याने कोणाची परवानगी मागितल्याचे ऐकिवात नाही. परंतु पुढे सहाव्या शतकात माँते कास्सिनो येथे त्याने जी नियमावली रचली, तिच्या ५८व्या प्रकरणात नवागताला सहजासहजी प्रवेश देऊ नये असे स्पष्ट बजावले आहे. त्याला चारपाच दिवस दार ठोठावू द्यावे, मार्गातील खडतर गोष्टी आधीच सांगाव्या आणि जाणत्या वडीलधाऱ्याच्या नजरेखाली ठेवून तो खरोखर ईश्वराला शोधतो आहे की नाही हे पाहावे. दोन महिन्यांनी, त्यानंतर सहा महिन्यांनी आणि पुन्हा चार महिन्यांनी सगळी नियमावली त्याला वाचून दाखवावी व पहिल्याच वेळी, पाळवत असेल तर ये, नसेल तर मोकळेपणाने जा, असे म्हणावे. वर्षभर विचार करून जो राहील तो स्वहस्ते प्रतिज्ञापत्र लिहून वेदीवर ठेवील. लिहिता येत नसेल तर दुसऱ्याकडून लिहवून आपली निशाणी करील. गुहेत काढलेल्या वर्षांनी या माणसाला उत्साहाविषयी काहीतरी शिकवले असावे, असा माझा तर्क आहे. एकांतवासही मठातील दीर्घ कसोटीनंतरच पत्करावा, असे तो पहिल्याच प्रकरणात सांगतो.

आक्षेपकाची खरी चूक साक्षीदार मोजण्यात नसून खटला कोणता हेच न ओळखण्यात आहे. परिव्राजकाचा संन्यास एकट्याचा असतो. त्याला झाडाखाली निजावयाचे आहे आणि झाडाची हरकत नसते. बेनेडिक्टाचा साधू मात्र ‘स्थैर्य’ नावाचे व्रत घेतो, म्हणजे याच घरात, याच माणसांबरोबर मरेपर्यंत राहण्याचे वचन देतो. त्यांच्यापैकी एखादा बेसूर गाणारा असेल, एखादा कोपिष्ट असेल. पहाटेपूर्वीच्या प्रार्थनेला त्याच्याच शेजारी रोज उभे राहावयाचे आहे. ज्यांच्या गळ्यात आपले उर्वरित आयुष्य घालावयाचे, त्यांना बोलण्याचा अधिकारच नाही असे म्हणणे ही भक्ती नव्हे, निव्वळ अहंता आहे.

विलंबाने हाक विझते, असेही म्हणतात. पण १९४० साली फ्रान्सिस्कनांनी टॉमस मर्टनला माघारी पाठवले; १९४१च्या डिसेंबरात तो केंटकीतील गेथसेमनीच्या ट्रॅपिस्ट मठात दाखल झाला आणि त्याच मठाविषयी मधूनमधून कुरकुर करीत, अन्यत्र जाण्याचे बेत रचीत, अखेरपर्यंत त्या मठाचाच राहिला. लिझ्यूच्या तेरेझचे उदाहरण आक्षेपकाला अधिक सोयीचे वाटेल, कारण १८८७ साली तिने थेट तेराव्या लिओ पोपपुढे गाऱ्हाणे मांडले आणि पंधराव्या वर्षीच ती कार्मेलमध्ये शिरली. पण आत गेल्यावरही तिचा व्रतविधी अपेक्षित मुदतीपलीकडे लांबवला गेला, तो १८९०च्या सप्टेंबरात झाला, हे सांगायचे सहसा राहून जाते.

बुद्धिवाद्यांचा आक्षेप वेगळा आहे: मठ हा पळपुट्यांचा आसरा, आणि कित्येकींचा तर तुरुंग. यातील दुसरा आरोप इतिहासाला धरून आहे. हुंडा वाचवण्यासाठी इटलीतल्या खानदानी घराण्यांनी मुली मठांत लोटल्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने सोळा वर्षांचे किमान वय व एक वर्षाची उमेदवारी आवश्यक ठरवली आणि स्त्रीला बळाने मठात घालणारावर बहिष्काराचा दंड सांगितला. तो अंमलात फार ठिकाणी दुबळा ठरला. तरी बळजबरीवर उतारा म्हणून चर्चने योजलेली वस्तू हीच दिरंगाई होती, ही गोष्ट ध्यानात घ्यावी. पळपुट्यांविषयी म्हणाल, तर १९८३च्या धर्मसंहितेत फेडता न येणाऱ्या कर्जाने ग्रासलेल्याला घेऊ नये असे कलमच आहे, आणि दडपण, भय किंवा फसवणूक यांमुळे आलेल्याचा प्रवेश रद्दबातल ठरतो. छाननी काढून टाका, म्हणजे सावकाराला चुकवणारा आणि ईश्वराला शोधणारा यांतला फरक कोण सांगणार?

शिवाय ही छाननी दोन्ही बाजूंनी चालते. नवशिक्याला केव्हाही निघून जाता येते आणि मठालाही त्याला निरोप देता येतो. यांत कोणाचाही अपमान मानीत नाहीत. व्रत घेतल्यावर मोह पाडून सैतानाने त्याला बाहेर ओढलेच तर काय, याचीही तरतूद बेनेडिक्टाने करून ठेवली आहे: त्याचे जुने कपडे मठाच्या कोठीत जपून ठेवावे व जाताना त्याला परत द्यावे. प्रतिज्ञापत्र मात्र परत द्यावयाचे नाही. ते मठाच्या दफ्तरीच राहते.