व्हिसा देणारा देव

भारतात पहिल्यांदाच आलेला फॉरेनर कसा ओळखायचा? सोपं आहे. तो रस्ता क्रॉस करताना डावीकडे-उजवीकडे बघत नाही, सरळ डोळे मिटतो.

आमच्या ऑफिसात असा एक नमुना येऊन गेला. मूळचा हॅम्बुर्गचा, क्लायंटकडचा मॅनेजर, मुक्काम पुण्यात सहा आठवडे. पहिल्याच लंचला त्याने जाहीर केलं, ‘मला ताजमहाल नको. मला स्पिरिच्युअल इंडिया बघायचाय.’ टेबलावर शांतता. आम्हाला पाचच्या आत रिलीज द्यायचं होतं, आणि याला मोक्ष!

पण स्पिरिच्युअल इंडिया त्याला आम्ही दाखवायच्या आधीच दिसला. रिक्षात. मीटरच्या वर गणपती, त्याच्या शेजारी साईबाबा, काचेला लिंबू-मिरची. दिवसाचं पहिलं भाडं हा गडीच होता. रिक्षावाल्याने भवानीची नोट कपाळाला लावली, मीटरला टेकवली आणि खिशात टाकली. साहेब दिवसभर तेच सांगत होता. मग शिवाजी रोड. दगडूशेठची मूर्ती रस्त्यावरूनच दिसते, हे पुणेकरांना सांगायला नको. ट्रॅफिक चालू आहे, मागून पीएमटी हॉर्न मारतेय (पीएमपीएमएल म्हणायचं असतं, पण म्हणतं कोण?), आणि स्कूटरवरचा माणूस एक हात सोडून छातीला लावतो, मान झुकवतो आणि पुढे जातो. जर्मनाचा पहिला प्रश्न, ‘ब्रेक कोणत्या हाताला असतो?’

बॉस, खरी धमाल आली दसऱ्याला. सर्व्हर रूमच्या दाराला झेंडूचं तोरण, रॅकला हार, प्रत्येकाच्या लॅपटॉपवर हळद-कुंकवाचं बोट. पूर्वी तलवारींची पूजा व्हायची, आता आपली हत्यारं हीच. त्याने फोटो काढले आणि शेवटी हळूच विचारलं, ‘हे आयटी पॉलिसीत बसतं?’ आमच्या अॅडमिनने गंभीर चेहऱ्याने सांगितलं, बॅकअपही घेतलाय. मग त्याच्या हातावर आपट्याचं पान ठेवून आम्ही म्हणालो, हे सोनं. त्याने ते पासपोर्टमध्ये जपून ठेवलं.

त्याच संध्याकाळी त्याने तो प्रश्न विचारला. ‘तुम्ही दोन मिनिटं देवासमोर उभे राहता, तेव्हा डोळे मिटून नेमकं काय करता?’

त्याची अपेक्षा असणार की आम्ही मन शांत करतो, श्वासाकडे लक्ष देतो वगैरे. टीममधल्या एकीने खरं सांगून टाकलं, ‘मागते.’ काय? ‘व्हिसा.’

आणि तिने त्याला चिलकूर बालाजीची गोष्ट सांगितली. हैदराबादबाहेर, उस्मानसागर तलावाजवळचं हे देऊळ. आयटीवाले त्याला व्हिसा बालाजीच म्हणतात. इच्छा मागताना अकरा प्रदक्षिणा, पूर्ण झाली की येऊन एकशे आठ. विशेष म्हणजे तिथे हुंडी नाही आणि व्हीआयपी दर्शनही नाही. सीईओ आणि फ्रेशर एकाच गर्दीत गोल फिरतात. आपल्याकडच्या कित्येक देवस्थानांत पैसे टाकले की रांग आखूड होते, तेव्हा हे मला तरी फार मोठं वाटतं.

जर्मन गप्प झाला. मग हसत सुटला. तो युरोप सोडून देव शोधायला इकडे आलेला, आणि आम्ही देवाला साकडं घालतोय की आम्हाला युरोपात धाड!

यात नवीन काही नाही म्हणा. १९६८ च्या फेब्रुवारीत बीटल्स महर्षी महेश योगींकडे ऋषिकेशला आले. रिंगो स्टारचं पोट तिखटाला तयार नव्हतं, तो येतानाच बेक्ड बीन्स घेऊन आला होता आणि साधारण दहा दिवसांत परतही गेला. १९७४ मध्ये १९ वर्षांचा स्टीव्ह जॉब्स नीम करोली बाबांना भेटायला कैंचीला पोचला, तर बाबा आदल्याच वर्षी गेलेले. हे सगळे आपला रोजचा दिवस मागे टाकून निघालेले लोक. आपला देव मात्र रोजच्या दिवसातच मुक्कामाला असतो.

हे बरोबर हेरलं ते मार्क ट्वेनने. हा विनोदी लेखक कर्ज फेडायला जगभर व्याख्यानं देत निघालेला, १८९६ च्या जानेवारीत मुंबईला उतरला आणि तिथून पुढे बनारसला गेला. १८९७ च्या ‘फॉलोइंग द इक्वेटर’मध्ये त्याने बनारसच्या यात्रेकरूसाठी चक्क एक टाइमटेबल दिलंय. भूक लागू नये म्हणून अमुक देऊळ, ताप उतरायला तमुक घाट, देवीच्या साथीसाठी वेगळं ठिकाण, भरभराटीसाठी आणखी वेगळं. टिंगल आहेच त्यात, भरपूर आहे. पण यादी नीट वाचली तर ती माणसाच्या काळज्यांची यादी आहे. आता त्यात व्हिसा आणि अप्रेझल घाला.

आता जरा न आवडणारी गोष्ट. आमच्या गेटवरचे सिक्युरिटी काका पहाटे सहाला तुळशीसमोर उदबत्ती लावतात. लवकर ऑफिसला येणाऱ्या साहेबाला ते भारीच भावलं. ‘या माणसाकडे काही नाही, तरी चेहऱ्यावर केवढी शांती!’ हे वाक्य प्रत्येक पाहुणा पहिल्या पंधरा दिवसांत बोलतो, आणि दर वेळी माझं डोकं सटकतं. मी म्हटलं, चल, त्यांनाच विचारू.

काका आधी लाजले. मग म्हणाले, ‘काय सांगू साहेब, बारा तासांची नाइट असते. पहाटे फार झोप येते. उठून उदबत्ती लावली की झोप जाते, डास पण जातात.’ आणि देवाकडे काय मागता? ‘कंत्राटदारानं पगार वेळेवर करावा. पोरीची फी भरायचीय.’

मी शब्दन् शब्द भाषांतर करून सांगितलं. साहेब बराच वेळ काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने आमच्या एचआरला मेल टाकला, गार्ड्सच्या शिफ्ट बारा तासांच्या का? आम्ही इतकी वर्षं त्याच गेटमधून आत येतोय, आमच्यापैकी एकालाही हा मेल सुचला नव्हता. पगाराची तारीख पाळू, असं कंत्राटदाराने कबूल केलंय. बारा तास अजून बाराच आहेत.

प्रोजेक्ट संपल्यावर तो सुट्टी टाकून इगतपुरीला गेला, धम्मगिरीला, विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराला. आपण इगतपुरीला जातो ते पावसाळ्यात धबधब्याखाली वडापाव खायला! तिथे फोन जमा, बोलणं बंद, पहाटे चारला घंटा, संध्याकाळी नव्या साधकाला फक्त चहा आणि फळं. फी नाही. आणि गंमत म्हणजे शिबिर चालू असेपर्यंत पूजा, जप, उदबत्ती, सगळं बाजूला ठेवायचं. पहिले तीन दिवस फक्त श्वास बघायचा, विपश्यना सुरू होते चौथ्या दिवशी.

हे लिहितोय तेव्हा त्याचा चौथा दिवस चालू आहे.

इकडे त्या मुलीचा जर्मनीचा व्हिसा आलाय. जॉइनिंग पुढच्या सोमवारी, एकशे आठ प्रदक्षिणा बाकी. शुक्रवार रात्रीची हैदराबादची फ्लाइट बघितली तर भाडं आभाळाला भिडलेलं. आता ती टीमच्या ग्रुपवर विचारतेय, एकशे आठ मारायला साधारण किती वेळ लागतो, आणि कोणी सोबत येतंय का? तिघांनी हात वर केलेत. तिघांनाही व्हिसा हवाय.