आउटपुटला हात लावा, पण लेखी

कोड चालतो, खाली तक्ता उमटतो आणि साहेब म्हणतात, "दशांशापुढे सात आकडे कशाला? दोन पुरेत." आपण बसून हाताने खोडतो. मजकूर आणि कोड एकाच फाइलीत ठेवणाऱ्या ऑर्ग-मोडमध्ये ही मेहनत फार टिकत नाही. पुढच्या वेळी कुणी कंट्रोल-सी दोनदा दाबलं की ब्लॉक पुन्हा चालतो, 'रिझल्ट्स'खालचं सगळं नव्याने लिहिलं जातं आणि आपली साफसफाई पुसली जाते. माझ्या मते हे चांगलंच आहे. न सांगता बदललेला आकडा अहवालात राहता कामा नये.

डोनाल्ड कनूथ यांनी 1984 मध्ये लिटरेट प्रोग्रामिंग मांडलं, तेव्हा हा प्रश्नच नव्हता. कोड आणि त्याचं निरूपण एका फाइलीत, आउटपुट बाहेर. ऑर्ग-मोडमधला कोड चालवणाऱ्या बेबलने आउटपुटही त्याच फाइलीत आणून बसवलं, म्हणून ते सजवायचं कसं हे ठरवणं आलं. बेबलचं उत्तर म्हणजे 'पोस्ट'. ब्लॉकच्या हेडरमध्ये दुसऱ्या ब्लॉकचं नाव द्यायचं. पहिल्याचं आउटपुट दोन तारकांमधल्या 'दिस' या नावाने दुसऱ्याकडे जातं आणि तो जे परत देईल तेच कागदावर येतं. मॅन्युअलमधलं उदाहरण साधं आहे: आकृतीला 'रुंदी पाच सेंटिमीटर' अशी ओळ जोडणारा छोटा ब्लॉक.

रुंदी, रेघा, एककं यांसाठी 'पोस्ट' खुशाल वापरा. आकड्यांशी मात्र जपून. पुढचा ब्लॉक या ब्लॉकला नावाने बोलावतो, तेव्हा त्याच्या हाती मूळ उत्तर पडत नाही, 'पोस्ट'मधून निघालेलं पडतं. शंभराचे तीन समान वाटे दोन दशांशांवर आणून पुढे पाठवा, बेरीज 99.99 येईल आणि हिशेब तपासणारा अर्धा दिवस भलत्याच ब्लॉकमध्ये चूक शोधत बसेल.

पायथनवाल्यांसाठी आणखी एक खाच. तक्त्याच्या यादीत एखाद्या ओळीच्या जागी 'नन' आलं, की बेबल तिथे आडवी रेघ मारतं. मथळ्याखाली रेघ हवी म्हणून लोक ते मुद्दाम घालतात. पण नोंद सापडली नाही म्हणून तुमच्या फंक्शनने 'नन' दिलं, तरी तशीच सुबक रेघ येते. वाचणाऱ्याला ती मांडणी वाटते.

आणि नकोशा ओळी गाळायचं काम? तेही लोक 'पोस्ट'मध्ये उरकतात. हे मला अजिबात मान्य नाही. 1986 मध्ये कनूथ यांच्या प्रोग्रॅमचं परीक्षण करताना डग मॅक्लरॉय यांनी त्या प्रोग्रॅमचं काम सहा कमांडच्या पाइपलाइनमध्ये करून दाखवलं होतं. पाइपलाइनमध्ये कशानंतर काय होतं ते निदान ओळीने वाचता येतं. 'पोस्ट' लिहिलेलं असतं वर, चालतं सगळ्यात शेवटी, आणि त्याचा ब्लॉक बहुधा फाइलीच्या तळाशी, एक्स्पोर्ट बंद करून ठेवलेला. गाळायचंच असेल तर मूळ ब्लॉकमध्ये गाळा आणि का गाळलं ते वरच्या परिच्छेदात लिहा. त्यासाठीच तर कोडभोवती परिच्छेद असतात.