शाळेच्या मीटरचा वाली कोण?

एटापल्ली तालुक्यातील एखाद्या दोनखोली जिल्हा परिषद शाळेला महिन्याकाठी वीज लागते तरी किती? चार ट्यूबलाइट, दोन पंखे आणि कोणा देणगीदाराने दिलेला एखादा दूरचित्रवाणी संच, एवढाच तिचा संसार. दिवे-पंखे रोज पाच तास आणि संच दोन तास चालू ठेवला, महिन्यातून पंचवीस दिवस शाळा भरली, तरी हिशेब पस्तीस युनिटांच्या आसपासच थांबतो. शहरातील साहेबांच्या वातानुकूलित खोलीत एवढी वीज तीन-चार दिवसांत संपते. तरीसुद्धा थकबाकीपोटी शाळांचा वीजपुरवठा तोडला गेल्याच्या बातम्या महाराष्ट्रात दरवर्षी येतात, विधिमंडळात प्रश्न विचारले जातात, मंत्री आश्वासन देतात, आणि पुढल्या वर्षी तीच बातमी पुन्हा छापली जाते. रक्कम एवढी क्षुल्लक असताना ती वेळेवर भरली का जात नाही, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारत नाही.

एटापल्लीच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच बोचणारा ठरतो. २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चांदा मुलुखाची विभागणी होऊन गडचिरोली जिल्हा निर्माण झाला. त्याच्या पुढच्याच वर्षी चंद्रपूरजवळ दुर्गापूर येथील औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच सुरू झाला. आज त्या केंद्राची स्थापित क्षमता २९२० मेगावॉट आहे आणि तिथली वीज साऱ्या महाराष्ट्रात जाते. त्या केंद्राची राख आणि धूर चंद्रपूरकरांच्या वाट्याला आले. पूर्वी त्याच जिल्ह्यात असलेल्या एटापल्ली, भामरागड या तालुक्यांच्या वाट्याला मात्र जंगलातून मैलोगणती धावणारी एकेरी वाहिनी आली. वादळात सागाचे एक झाड तिच्यावर पडले की जारावंडी, गट्टा, कसनसूर या बाजूची गावे अंधारात जातात, आणि पावसाळ्यात नाले भरून वाहू लागले म्हणजे दुरुस्तीची माणसे तिथवर पोहोचेतो दिवस उलटतात. हा दोष एखाद्या लाइनमनचा नव्हे. ज्या भूगोलात त्याला काम करावे लागते, त्या भूगोलाचा आणि त्या भूगोलाकडे पाठ फिरवून आखलेल्या योजनांचा तो आहे.

गाव 'विद्युतीकृत' केव्हा म्हणावे याची जी व्याख्या केंद्र सरकारने २००४ साली ठरविली, तिच्यात एक चांगले कलम आहे. गावातील किमान दहा टक्के घरांत वीज पोहोचली पाहिजे, आणि शाळा, पंचायत कार्यालय, आरोग्य केंद्र यांसारख्या सार्वजनिक जागीही ती असली पाहिजे. म्हणजे शाळेतील दिवा हा गाव उजळल्याचा कागदोपत्री पुरावा मानला गेला. एप्रिल २०१८ मध्ये देशातील सर्व गावांपर्यंत वीज पोहोचल्याची घोषणा झाली. परंतु जोडणी देणे ही एकदाच करावयाची गोष्ट आहे, आणि बिल दर महिन्याला येते. जोडणीसाठी योजना असते, उद्घाटन असते, छायाचित्र असते. बिलासाठी यांपैकी काहीच नसते. जोडणी ज्या कलमाखाली मोजली गेली, त्याच कलमात ती चालू आहे की नाही हे मोजण्याची तरतूद असती, तर चित्र कदाचित निराळे दिसले असते.

आता हे बिल नीट उलगडून पाहू. त्यात वीज आकार असतो, वहन आकार असतो, प्रसंगी इंधन समायोजन आकार असतो, आणि या साऱ्यांच्या आधी स्थिर आकार असतो. एक युनिट जाळले नाही तरी स्थिर आकार द्यावाच लागतो. मे महिन्यात शाळेला कुलूप असते, दिवाळीत असते. स्थिर आकाराला सुटी नसते. पस्तीस युनिटांच्या बिलात या स्थिर आकाराचाच वाटा मोठा निघतो. तेव्हा 'काटकसर करा, पंखे बंद ठेवा' अशी परिपत्रके काढणाऱ्यांनी एकदा असे बिल हातात घेऊन पाहावे. ज्या शाळेने काटकसर म्हणून दिवेच लावले नाहीत, तिचीही थकबाकी वाढतच जाते. त्यावर विलंब आकार आणि व्याज चढते. मीटरवाचन झालेच नाही तर सरासरीने बिल निघते, आणि ते दुरुस्त करून घेण्यासाठी मुख्याध्यापकाने वर्ग सोडून तालुक्याच्या गावी जावे अशी अपेक्षा असते. द्विशिक्षकी शाळेत एक शिक्षक बिलामागे गेला, म्हणजे चार इयत्ता दुसऱ्याच्या गळ्यात पडतात. या वेळेची किंमत कोणत्याच बिलात लिहिलेली नसते.

न्याय म्हणून सांगितले पाहिजे की, दराच्या बाबतीत शाळांची स्थिती पूर्वीपेक्षा बरी आहे. एके काळी शाळा आणि रुग्णालये यांना दुकानांच्या रांगेत बसवून वाणिज्यिक दर लावला जात असे. वीज नियामक आयोगाने २०१२ च्या आदेशात 'सार्वजनिक सेवा' असा निराळा वर्ग केला, आणि पुढे २०१५ साली त्यातही शासकीय संस्था व इतर असा भेद करून शासकीय शाळांना कमी दर दिला. स्थानिक संस्थांच्या शाळा, सार्वजनिक दिवाबत्ती आणि पाणीपुरवठा यांना विद्युत शुल्कातूनही सूट आहे. पण आपल्या शाळेच्या बिलावर कोणता वर्ग छापला आहे, जुन्या वाणिज्यिक वर्गातच तर ती अडकून पडलेली नाही ना, शुल्क लागले आहे की नाही, हे तपासणार कोण? वेळेआधी भरणा केल्यास बिलात अल्पशी सवलत मिळते. ती मिळविणाऱ्या जिल्हा परिषद शाळा शोधाव्याच लागतील.

खरे दुखणे पैशाच्या आकारात नाही, ते त्याच्या वेळेत आणि वाटेत आहे. समग्र शिक्षा योजनेखाली शाळेला जे संयुक्त अनुदान ठरले आहे, ते पटावर अवलंबून असते. तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाकाठी दहा हजार रुपये. त्यातले दहा टक्के स्वच्छतेवर खर्च झाले पाहिजेत. उरलेल्या नऊ हजारांत खडू, रजिस्टरे, किरकोळ दुरुस्ती, पिण्याचे पाणी आणि वीज. एटापल्लीच्या पाड्यापाड्यांतून विखुरलेल्या माडिया वस्तीत पट विसाच्या आत असणे ही नवलाची गोष्ट नाही. तेव्हा जिथे अडचण सर्वांत मोठी, तिथे अनुदान सर्वांत लहान, असा हा हिशेब आहे. शिवाय अनुदान येते ते हप्त्याने, पुष्कळदा आर्थिक वर्षाच्या शेवटी. बिल मात्र जूनपासून दारात उभे असते. जुन्या सादिल खर्चाची तरतूदही अशीच उशिरा आणि अपुरी येत आली आहे. मधल्या काळात शिक्षक पदरमोड करतात, गावकरी वर्गणी काढतात. शिक्षकाच्या भलेपणावर उभी असलेली ही व्यवस्था त्याची बदली झाली की कोसळते.

आणि मग ग्रामपंचायतीकडे बोट दाखविले जाते. ग्रामपंचायतीची स्वतःची अवस्था काय आहे? पथदिव्यांची जबाबदारी कायद्याने तिच्यावर आहे आणि दिवाबत्ती कर बसविण्याचा अधिकारही. पण कुडाच्या आणि मातीच्या घरांवर बसविलेल्या करातून किती येणार? जून २०२१ मध्ये ग्रामविकास विभागाने पथदिवे आणि पाणीपुरवठा योजना यांची वीजबिले पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातून भरण्यास सांगितले, तेव्हा राज्यभरातील सरपंचांनी जोरदार विरोध केला, आणि तो अकारण नव्हता. त्या अनुदानाचा साठ टक्के भाग पाणी व स्वच्छता यांना बांधलेला. उरलेल्या चाळीस टक्क्यांत रस्ता, गटार, अंगणवाडी सारे बसवायचे. विकासासाठी आलेला पैसा जुन्या थकबाकीत वळला, तर गावाने नवे काय करावे? महावितरणचीही बाजू आहे. फुकट वीज देणे हे वितरण कंपनीचे काम नव्हे. सवलत द्यायची तर राज्य सरकारने तिची भरपाई आगाऊ द्यावी असे २००३ चा वीज कायदा सांगतो. तोच कायदा पुरवठा तोडण्यापूर्वी पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी असेही सांगतो. कंपनी आपले येणे मागते, सरपंच हात वर करतो, मुख्याध्यापक दोघांकडे पाहतो, आणि ज्या जिल्हा परिषदेची ही शाळा आहे, ती अनुदानाची वाट पाहत बसते.

ब्रिटनमध्ये २०२२ साली युक्रेन युद्धानंतर वायू आणि वीज महागली, तेव्हा तिथल्या शाळांचेही कंबरडे मोडण्याची वेळ आली. सरकारने त्या हिवाळ्यात सहा महिने दरकपात लागू केली. पण त्याआधीपासून तिथे एक रीत रुळलेली होती: अनेक स्थानिक परिषदा आणि शाळा मिळून घाऊक खरेदी करतात, एकेकट्या मुख्याध्यापकाला पुरवठादाराच्या दारी जावे लागत नाही. आपल्याकडे एक किलोवॉट भाराच्या शाळेने वीज बाजारात उतरावे असे कोणी म्हणणार नाही. पण बिले एकत्र करून एका खिडकीतून भरायला कोणता बाजार लागतो? जिल्ह्यातील सर्व शाळांच्या ग्राहक क्रमांकांची यादी जिल्हा परिषदेने करावी, वर्ग चुकले असतील तर दुरुस्त करून घ्यावेत, बंद मीटर शोधावेत, आणि वर्षाच्या प्रारंभीच अंदाजित रक्कम महावितरणकडे आगाऊ जमा करावी. मार्च २०२२ मध्ये राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपून प्रशासक आले, तेव्हा निदान असे कोरडे कारकुनी काम तरी झपाट्याने होईल अशी आशा होती.

पैसा कोठून, असे विचारणाऱ्यांसाठी गडचिरोलीत उत्तर दुर्मिळ नाही. एटापल्ली हा अनुसूचित क्षेत्रातील तालुका आहे. पेसा गावांना आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के अबंध निधी २०१५ पासून थेट मिळतो आणि शिक्षण हा त्याच्या खर्चाच्या विषयांपैकी एक आहे. त्याचा विनियोग ग्रामसभेने ठरवायचा असतो. दुसरी गोष्ट सूरजागडची. तिथल्या लोहखनिजाचे उत्खनन मधल्या खंडानंतर २०२१ पासून पुन्हा जोमाने सुरू झाले, आणि खाणींच्या स्वामित्वधनाबरोबर जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे रक्कम जमा होते. खाणबाधित भागातील शिक्षण हा या निधीचा प्राधान्याचा विषय आहे. खनिजाचे ट्रक ज्या रस्त्याने धावतात, त्या रस्त्यालगतच्या शाळेत पंखा फिरत नसेल, तर निधी नाही असे म्हणण्याची सोय कोणालाच उरत नाही.

सौर पॅनेल हा उपाय आता प्रत्येक भाषणात येतो. तो चांगला आहे, पण पुरता समजून घेऊन करावा. वाहिनीला जोडलेले छतावरील सौर संच वाहिनी बंद पडली की स्वतःही बंद पडतात. दुरुस्ती करणाऱ्या कामगाराला धक्का बसू नये म्हणून ती योजनाच तशी असते. तेव्हा ज्या गावात वाहिनीच चार दिवस बंद असते, तिथे नेट मीटरिंगने बिल घटेल, दिवा लागणार नाही. त्यासाठी बॅटरी हवी, आणि बॅटरी काही वर्षांत बदलावी लागते. जंगलातल्या कित्येक शाळांच्या छतावर पॅनेल शाबूत आणि खाली बॅटरी मेलेली, हे दृश्य फिरतीवरच्या कोणाही अधिकाऱ्याला अपरिचित नाही. बसविण्यासाठी देणगीदार मिळतात, बदलण्यासाठी नाही. आश्रमशाळांत तर मुले रात्री राहतात; तिथे अंधार म्हणजे बुडालेला अभ्यास, बंद पडलेला पंप आणि पावसाळ्यात साप-विंचवाचे भय. शेजारच्या जिल्हा परिषद शाळेचा खर्च एका खात्याचा आणि आश्रमशाळेचा आदिवासी विकास विभागाचा, म्हणून दोघींसाठी दोन कंत्राटदार आणि दोन्हीकडे दुरुस्तीला कोणी नाही, असे होऊ नये. दोन्ही खात्यांनी मिळून तालुक्याला एक प्रशिक्षित तंत्रज्ञ नेमावा आणि बॅटरी बदलण्याची रक्कम पहिल्याच वर्षी बाजूला काढून ठेवावी. एटापल्लीतील बारावी झालेल्या माडिया मुलांतूनच असा तंत्रज्ञ तयार करता येईल. त्याला आलापल्लीहून गाडी मिळण्याची वाट पाहावी लागणार नाही, आणि गावकऱ्यांशी बोलायला दुभाषाही लागणार नाही.