मत्स्यपुच्छाची निवड

बंगळूरला समुद्र नाही; मत्स्यकन्येसारखे पोहण्याची हौस तिथे गर्दीच्या तरणतलावातच भागवावी लागते. म्हणूनच मोनोफिनची, म्हणजे दोन्ही पाय एकत्र अडकवायच्या एकाच रुंद पात्याची, तुलना पात्याच्या वेगावरून न करता त्यातून पाय किती चटकन सुटतात यावरून व्हावी. फायबरग्लासचे रुंद, ताठ पाते वेगवान असते, यात वाद नाही: असे पाते लावून पोहण्याच्या फिनस्विमिंग या खेळात 100 मीटर अंतर 35 सेकंदांच्या आत कापले गेले आहे, तर तेवढ्याच अंतराच्या फ्रीस्टाइलमध्ये चिनी जलतरणपटू पान झानलेचा 2024 मधील विक्रम 46.40 सेकंदांचा आहे. पण तो वेग कसलेल्या खेळाडूचा. नवख्याच्या घोट्यांवर तेच पाते ताण आणते आणि गर्दीच्या तलावात शेजारच्याला लागते. त्यापेक्षा मुलांसाठी लहान, लवचिक, उघड्या टाचेचे मोनोफिन बरे. कापडी शेपटी मोहक दिसते खरी, पण ती पाय कमरेपर्यंत जखडते. मूल पट्टीचे पोहणारे आहे, मग भीती कसली, असे पालक विचारतील. पाय एकत्र बांधले की ते कौशल्यच अपुरे पडते: उथळ पाण्यातही पटकन उभे राहता येत नाही. तेव्हा विकत घेण्याआधी मुलाला कुणाच्याही मदतीशिवाय, पाण्यातच मोनोफिन काढून दाखवायला सांगा. जमले नाही तर घेऊ नका.