वही कोणाची?

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मधले तीन आठवडे एका प्रोग्रॅमने खाल्ले.

झालं असं, माझा भाचा सोसायट्यांसाठी हिशेबाचा प्रोग्रॅम बनवतोय. अ‍ॅक्सेसमध्ये. मेंटेनन्सची बिलं, पावत्या, थकबाकी, सभासदांची 'आय' नोंदवही, सगळं त्यात. पहिलं गिऱ्हाईक म्हणून त्याने मला धरलं, कारण सारसोळ्यातल्या आमच्या सोसायटीची खजिनदार मी. (निवृत्त शिक्षिकेला हे पद कोणी विचारून देत नाही, देऊन टाकतात.) प्रोग्रॅम छान आहे. वाद झाला तो गिऱ्हाइकाच्या हाती तो कसा द्यायचा यावर.

मी पोळलेली आहे हो. २००६ साली एकाकडून आम्ही असाच प्रोग्रॅम घेतला होता. सीडीवर आला, तेरा वर्षं चालला. २०१९ मध्ये संगणकच गेला. बॅकअप होता, पण नव्या संगणकावर प्रोग्रॅम जुन्या हार्ड डिस्कशी जुळणारी किल्ली मागू लागला. नोंदींच्या फाईललाही पासवर्ड. तो फक्त त्या गृहस्थांना ठाऊक आणि त्यांचा फोन बंद. शेवटी बिलांच्या स्थळप्रती काढून आम्ही तिघींनी दोन महिने बसून थकबाकी पुन्हा मांडली. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी भरलेले नऊ हजार काही सापडेनात. आयुष्यभर मुलांचे पेपर तपासले, पण माझ्याकडे तसं कोणी कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या ट्रंकेत पावती निघाली म्हणून सुटले.

भाचा म्हणतो, "मावशी, कुलूप नाही लावलं तर एक सोसायटी विकत घेईल आणि दहा जणी वापरतील." खरं आहे, मेहनत त्याची आहे. पण अरे, कुलूप प्रोग्रॅमला लाव, वहीला कशाला? सोय आहेच की, त्यानेच मला दाखवली. फॉर्म आणि कोड एका फाईलमध्ये, नोंदींचे तक्ते दुसऱ्या. पहिली 'एसीसीडीई' करून दिली की आतला कोड दिसत नाही. नवी आवृत्ती आली तरी तेवढीच बदलायची, आमच्या नोंदींना धक्का नाही. ज्यांच्याकडे अ‍ॅक्सेस नाही त्यांच्यासाठी रनटाइम आहे, २००७ च्या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्ट ते फुकट देते. फक्त ऑफिस ३२ बिटचं की ६४ बिटचं हे आधी विचारायचं, नाहीतर ती फाईल उघडतच नाही.

आणि तक्ते उघडे ठेवायचे. फॉक्सप्रो आठवतं? त्याची शेवटची आवृत्ती २००४ मध्ये आली, २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने आधारही काढून घेतला. पण त्याच्या साध्या डीबीएफ फायली आजही लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये उघडतात. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले रुमाल मोडी शिकलेला माणूस आजही वाचतो. त्यासाठी ते लिहिणारा कारकून शोधून आणावा लागत नाही.

इतकं बोलल्यावर पठ्ठ्याने 'सर्व नोंदी बाहेर काढा' असं एक बटण बसवलं. मी लगेच दाबून पाहिलं. आकडे बरोबर आले, पण सभासदांच्या मराठी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं!

"युनिकोडचं राहिलं, मावशी. शनिवारी येतो," म्हणाला. जेवायलाच ये म्हटलंय.