गिधाड आणि गुग्गुळ

पांढऱ्या पाठीचे गिधाड घार-गरुडांच्या कुळातले, गुग्गुळ सालईच्या. ‘आययूसीएन’च्या लाल यादीत मात्र दोघांवर शेरा एकच : अतिसंकटग्रस्त. दोन्हीकडे संबंध औषधाशी. गुरांना टोचलेले डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. २००६मध्ये पशुवैद्यकीय वापराचे उत्पादन थांबवले; तरी माणसांच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोहोचतच राहिल्या (त्या स्वस्तही पडत), म्हणून २०१५मध्ये कुपी ३ मिलिलिटरची झाली. गुग्गुळ तर स्वतःच औषध. जास्त डिंकासाठी कच्छ-राजस्थानात खोडाला खोल चिरा देतात, झुडूप वाळते. डायक्लोफिनॅक निदान कायद्याने अडवता आले. सांधेदुखीच्या गोळीतला गुग्गुळ लागवडीचा की रानातला, हे रुग्णाने कुणाला विचारायचे?