सुवर्णाआधीची बत्तीस वर्षे

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ८ ऑगस्ट २०२४ रोजी बोट्स्वानाच्या लेत्सिले टेबोगोने २०० मीटरची शर्यत १९.४६ सेकंदांत जिंकली. त्या देशाचे हे पहिले ऑलिम्पिक सुवर्ण. दुसऱ्या दिवशी दुपारपासून तेथे सार्वजनिक सुटी देण्यात आली. भारताचे ११७ खेळाडू सहा पदके घेऊन परतले. त्यांत सुवर्ण नव्हते. जेमतेम पंचवीस लाख वस्तीच्या देशाशी आपली तुलना होणे मग अटळच होते. मात्र पदकांना लोकसंख्येने भागणे हे अंकगणित झाले, धोरण नव्हे.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला पाहावेसे वाटते ते त्याआधीचे. ब्रिटिश अमदानीत या मुलखाचा कारभार त्याच्या हद्दीबाहेरील माफेकिंगहून चाले. १९६६ मध्ये स्वातंत्र्य मिळाले तेव्हा राजधानी गॅबोरोन नुकती कुठे वसत होती. १९८० साली मॉस्कोत प्रथम उतरलेल्या या देशाला पहिल्या पदकासाठी ३२ वर्षे थांबावे लागले. ते नायजेल अमोसचे, लंडनमधील ८०० मीटरचे रौप्य. आदल्याच वर्षी अमांतले मोंत्शो ४०० मीटरची जगज्जेती झाली होती. पुढे ४ बाय ४०० रिलेत टोकियोला कांस्य, पॅरिसला रौप्य. अमेरिकेपेक्षा फक्त एक दशांश सेकंद मागे. सारे यश २०० ते ८०० मीटरच्या पट्ट्यातले. एकच विहीर, पण पाणी लागेपर्यंत खणलेली. (अमोस आणि मोंत्शो या दोघांवरही पुढे उत्तेजकांमुळे बंदी आली, हेही नोंदवले पाहिजे.)

सेवेत असताना मी एका जिल्ह्याच्या क्रीडा समितीचा अध्यक्ष होतो. मार्चअखेर निधी परत जाऊ नये म्हणून आम्ही प्रेक्षागॅलरीच्या छताला मंजुरी दिली. धावपट्टी आणि प्रशिक्षकाचे रिक्त पद पुढील वर्षावर ढकलले. छताचे उद्घाटन थाटात झाले. फाइलवरची सही माझीच होती.

आता २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला होणार आहेत आणि २०३६ च्या ऑलिम्पिकसाठीही आपला दावा आहे. स्टेडियमांचे आराखडे निघतील, निघावेतही. त्या प्रस्तावांना प्रशिक्षकांच्या रिक्त पदांचा जिल्हावार तक्ता जोडल्याखेरीज वित्त विभागाने त्यांना हात लावू नये, एवढेच माझे म्हणणे. आपल्या पुरुष रिले संघाने २०२३ मध्ये बुडापेस्टला २ मिनिटे ५९.०५ सेकंदांचा तेव्हाचा आशियाई विक्रम केला. बोट्स्वानाची पॅरिसमधील वेळ २ मिनिटे ५४.५३ सेकंद आहे. मधले साडेचार सेकंद छताखाली भरून निघणारे नाहीत.